ग्रिमच्या जंगलातल्या भयकथा आणि त्यांची चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या जुन्या परीकथा, त्यांतली जंगलं आणि त्यांवर काढलेली अंगावर येणारी चित्रं यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. परीकथा म्हणजे राजकन्या आणि पऱ्या. त्यांत भय कुठून आलं?

पऱ्या या गोष्टींत फारशा नसतातच. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन बंधूंनी जमवलेल्या लोककथांच्या संग्रहात भूक आहे, सोडून दिलेली पोरं आहेत, लग्नाच्या नावाखाली नेलेल्या आणि कापलेल्या मुली आहेत. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’च घ्या. दुष्काळ पडलाय. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आईबाप ठरवतात की पोरांना जंगलात सोडून यायचं. पोरं भुकेमुळे जागी आहेत आणि सगळं ऐकतायत. चेटकीण यायला अजून बराच अवकाश आहे, पण भीती घरात शिरून बसलेली आहे. या कथा पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझं मत पक्कं झालंय: यांतलं भय जंगलात जन्मत नाही, ते घरातून निघतं. जंगल ही फक्त त्या घरानं माणसाला ढकलून दिलेली जागा.

२. मग आपल्याकडच्या भुताच्या गोष्टीपेक्षा हे वेगळं कसं?

भुताची गोष्ट सांगणारा पुरावा देतो. ‘माझ्या मामानं स्वतः पाहिलंय’, ‘त्या पिंपळाखालून रात्री कोणी जात नाही’. ऐकणाऱ्याचा आधी विश्वास बसायला हवा, मग भीती. परीकथेला याची गरज वाटत नाही. पक्षी बोलतो आणि मुलगी त्याला उत्तर देते, कोणी दचकत नाही. भयानक गोष्टही पीठ दळलं, पाणी भरलं अशा सुरात सांगितली जाते. गाव, साल, माणसाचं आडनाव काहीच नसतं. हा कोरडेपणाच जास्त बोचतो.

३. सुरुवात कोणत्या गोष्टीपासून करू?

‘दरोडेखोर नवरा’ या गोष्टीपासून. ग्रिमच्या संग्रहात ती ४० व्या क्रमांकावर आहे आणि सहा-सात पानांत संपते.

एक गिरणीवाला आपली मुलगी एका श्रीमंत दिसणाऱ्या माणसाला देऊ करतो. त्या माणसाकडे पाहिलं की तिच्या पोटात गोळा येतो, का ते तिला सांगता येत नाही. तो म्हणतो, माझं घर जंगलात आहे, तू ये, वाट चुकू नये म्हणून मी राख टाकून ठेवतो. ती निघताना दोन्ही खिसे वाटाणे आणि मसुरांनी भरून घेते आणि पावलापावलाला डावी-उजवीकडे टाकत जाते. घर सामसूम. पिंजऱ्यातला पक्षी ओरडतो की नवरी मुली, माघारी फीर, हे खुन्यांचं घर आहे. तळघरात मान लटलटणारी एक म्हातारी बसलेली असते, ती हिला पिंपामागे लपवते. दरोडेखोर दुसऱ्याच एका मुलीला ओढत आणतात. तिला तीन पेले दारू पाजतात: एक पांढरी, एक लाल, एक पिवळी. तिचं काळीज फुटतं. मग ते तिचे तुकडे करतात, मीठ लावतात. बोटातली अंगठी निघेना म्हणून एक जण कुऱ्हाडीनं बोटच तोडतो आणि ते उडून पिंपामागे लपलेल्या मुलीच्या मांडीवर पडतं.

तो दिवा घेऊन शोधायला निघतो. म्हातारी म्हणते, या जेवायला, बोट काही पळून जात नाही.

दारूत झोपेचं औषध घालून ती सगळ्यांना झोपवते आणि दोघी निसटतात. राख वाऱ्यानं उडून गेलेली असते. वाटाणे-मसूर मात्र रुजून वर आलेले असतात, चांदण्यात तीच वाट दाखवतात. पुढे लग्नाच्या पंगतीत सगळे एकेक गोष्ट सांगत असताना ही आपली हकिगत स्वप्न म्हणून सांगते. मधे मधे नवऱ्याकडे वळून म्हणते, ‘लाडक्या, हे नुसतं स्वप्नच होतं हं.’ शेवटी बोट काढून पुढे धरते.

ही गोष्ट आवडली तर पुढे ‘फिचरचा पक्षी’ (क्रमांक ४६) आणि ‘जुनिपरचं झाड’ (क्रमांक ४७) वाचा.

४. ग्रिम बंधूंनी गावोगाव, रानोमाळ हिंडून या गोष्टी गोळा केल्या ना?

नाही. बऱ्याच गोष्टी त्यांच्याकडे जर्मनीतल्या कासेल शहरात चालत आल्या. सांगणाऱ्या बहुतेक शिकलेल्या, बऱ्या घरच्या तरुण मुली होत्या: शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ड कुटुंबातल्या आणि हासेनफ्लुग कुटुंबातल्या. विल्ड घरातली डोर्टशेन पुढे विल्हेल्मची बायको झाली. डोरोथेया फीमान ही शिंप्याची बायको, भाजी विकायला शहरात यायची. तिच्याकडून मोठा ठेवा मिळाला. तिला अस्सल जर्मन खेडुताचा आवाज म्हणून पुढे केलं गेलं, पण तिचं माहेर फ्रान्समधून आलेल्या ह्युगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) घराण्यातलं. ‘जुनिपरचं झाड’ तर फिलिप ओटो रुंगे या चित्रकारानं उत्तर जर्मन बोलीत लिहून दिलेलं आहे. चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यानं लिहिलेली ती गोष्ट आहे: बर्फावर सांडलेलं रक्त, झाडातून उठणारं धुकं, धुक्यात जाळ आणि जाळातून उडणारा पक्षी.

पहिला खंड १८१२ चा, दुसरा १८१५ चा. शेवटची सुधारित आवृत्ती १८५७ ची. आज आपण जी वाचतो ती बहुधा हीच.

५. मूळ गोष्टी फार भयंकर होत्या, पुढे मुलांसाठी सौम्य केल्या असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धंच. विल्हेल्मनं लैंगिक उल्लेख काढले, क्रौर्य बरंचसं राहू दिलं, क्वचित वाढवलंसुद्धा. १८१२ ची रापुंझेल, मनोऱ्यात कोंडलेली आणि गरोदर राहिलेली मुलगी, निरागसपणे विचारते की माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागले. नंतरच्या आवृत्त्यांत हे वाक्य गायब आहे. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, तो शेवट मात्र १८१२ मध्ये नव्हता, १८१९ मध्ये आला. हिमगौरीच्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावं लागतं, ते कायम राहिलं. ‘मुलं खाटीक-खाटीक खेळली’ ही पहिल्या आवृत्तीतली कथा वगळली गेली. ती वाचल्यावर का वगळली हे विचारावं लागत नाही.

६. सावत्र आईच नेहमी दुष्ट का?

नेहमी सावत्र नव्हती. १८१२ च्या हिमगौरीत मुलीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचं तेच, १८४० च्या आवृत्तीत. बाळंतपणात बायका मरत आणि पुरुष पुन्हा लग्न करत, त्यामुळे सावत्र आई घरोघरी होतीच; पण या दोन गोष्टींत तिला संपादकानं आणून बसवलंय. सख्ख्या आईचं नाव घेताना विल्हेल्मचा हात थांबला. वाचताना मनातल्या मनात ‘सावत्र’ हा शब्द गाळून पाहा, प्रश्न १ मध्ये मी काय म्हणतोय ते लगेच जाणवेल.

७. सगळं जंगलातच का घडतं?

कारण ज्या हेसन प्रांतात या गोष्टी सांगितल्या गेल्या तिथे गाव संपलं की जंगल सुरू होई. लाकूडतोडे, कोळसा पाडणारे, डुकरं चारणारे यांचं पोट त्यावर. शिकार आणि लाकूड यांवर मालकी राजाची किंवा सरदाराची. म्हणजे रोजचं जंगल आणि परकं जंगल एकच. तिथे हरवलेल्या माणसाला विचारणारं कोणी नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते. या कथांमध्ये जंगलाचं वर्णन जवळजवळ नाहीच. ‘एक मोठं जंगल होतं’, एवढंच. खोडाची साल नाही, मुळं नाहीत, फांद्यांचे हात नाहीत. ती वाकडीतिकडी झाडं आपल्याला आठवतात ती कथेतली नव्हेत, चित्रांतली. लिहिणाऱ्यानं मोकळी सोडलेली जागा चित्रकारांनी दोनशे वर्षं भरली.

८. हे जंगल म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट का? जाऊन बघता येतं का?

नाही. ब्लॅक फॉरेस्ट हे जर्मनीतलं प्रसिद्ध जंगल खूप दक्षिणेला. तिथली खरी भयकथा हवी असेल तर विल्हेल्म हाउफची ‘थंड काळीज’ (१८२७) वाचा: कोळसा पाडणारा एक तरुण पैशासाठी आपलं हृदय देऊन छातीत दगड बसवून घेतो. ग्रिमचा प्रदेश म्हणजे कासेलच्या आसपासचा. शहराच्या उत्तरेला राइनहार्ट्सवाल्ड आहे, त्यात झाबाबुर्ग किल्ल्याजवळ जुन्या ओक आणि बीच झाडांचा एक तुकडा राखलेला आहे. तेओडोर रोखोल या चित्रकारानं आग्रह धरला, म्हणून १९०७ मध्ये त्याला संरक्षण मिळालं. त्याला आदिम अरण्य म्हणतात, पण ते खरं गुरं-डुकरं चारायचं रान. झाडं विरळ होती म्हणूनच ती अशी आडवी पसरली आणि पोकळ होत गेली. कासेलमध्ये २०१५ पासून ग्रिम बंधूंवर संग्रहालयही आहे. बंधूंच्या स्वतःच्या, समासात टिपणं केलेल्या प्रती २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत घेतल्या गेल्या.

९. पहिली चित्रं कोणी काढली?

१८१२ च्या पुस्तकात कथाचित्रं नव्हतीच. ते अभ्यासकांचं पुस्तक होतं, टिपांसकट. १८२३ मध्ये लंडनला इंग्रजी भाषांतर निघालं, त्यात जॉर्ज क्रुकशँकची खेळकर चित्रं होती आणि ते चाललं. ते पाहून बंधूंनी १८२५ मध्ये निवडक ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, सात चित्रांसह. चित्रकार त्यांचाच धाकटा भाऊ, लुडविग एमिल ग्रिम. ही चित्रं नीटनेटकी, भाविक आहेत. भय चित्रांत उतरायला अजून वेळ होता.

१०. आर्थर रॅकमच्या झाडांना चेहरे असल्यासारखे का वाटतात?

रेषेमुळे. इंग्रज चित्रकार रॅकम (१८६७–१९३९) आधी शाईनं रेखाटन पुरं करायचा आणि त्यावर पातळ जलरंगाचे हात एकावर एक चढवायचा. मातकट, जुन्या कागदासारखा रंग. त्याच्या १९०९ च्या ग्रिममध्ये ४० रंगीत चित्रं आहेत. त्या काळच्या तीन रंगांच्या छपाईत बारकावे पुसट व्हायचे. शाईची रेघ चित्राला धरून ठेवायची. हे तंत्र गुळगुळीत कागदावरच जमे, म्हणून चित्रं वेगळी छापून पानांवर डकवलेली असत. (जुनी प्रत विकत घेत असाल तर चित्रं मोजून घ्या, ती सुटतात किंवा कोणी काढून विकतं.)

रॅकम म्हातारीची बोटं आणि झाडाची मुळं एकाच हातवळणानं काढतो. हॅन्सेल-ग्रेटेलच्या चित्रात चेटकीण कुबडीवर वाकून दारात उभी आहे. ग्रिमनी लिहिलंय की चेटकिणींचे डोळे लाल असतात, त्यांना लांबचं दिसत नाही, पण जनावरासारखा वास येतो. रॅकमनं तिला तशीच पुढे झुकवलंय. ती मुलांना पाहत नाहीये, हुंगतेय.

११. चित्रात रक्त जितकं जास्त तितकी भीती जास्त, असंच ना?

उलट. चांगला चित्रकार क्षण निवडतो, आणि तो बहुधा आधीचा असतो. गुस्ताव दोरेनं १८६२ मध्ये फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या गोष्टी चितारल्या. एका चित्रात राक्षस स्वतःच्याच झोपलेल्या मुलींवर वाकलाय, हातात सुरा, डोळे वटारलेले. तो दुसऱ्यांची पोरं समजून गळे कापणार आहे. अजून काही झालेलं नाही. पुढचा घाव प्रत्येक बघणाऱ्याला आपल्या मनात स्वतः घालावा लागतो. दुसऱ्यात तांबड्या टोपीवाली मुलगी लांडग्याशेजारी पांघरुणात आहे. लांडग्याच्या डोक्यावर आजीची टोपी आहे आणि मुलगी चादर छातीशी धरून तिरप्या नजरेनं त्याच्याकडे पाहतेय. तिला समजलंय. पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत तिला वाचवायला कोणी येत नाही, हे माहीत असेल तर त्या नजरेकडे फार वेळ बघवत नाही.

१२. जर्मनीबाहेर कोणाची चित्रं पाहावीत?

आधी इव्हान बिलिबिन. अफानास्येवच्या संग्रहातल्या रशियन ‘वासिलिसा’ कथेवर त्यानं १८९९ च्या सुमारास काढलेली चित्रं. सावत्र घरातला विस्तव विझतो आणि वासिलिसाला जंगलात बाबा यागा या चेटकिणीकडे विस्तव आणायला पाठवतात. यागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी, कुंपण माणसांच्या हाडांचं. घरकाम शरीराशिवायचे नुसते हात करतात. यागा म्हणते, विचार काय विचारायचंय ते. मुलगी रस्त्यात दिसलेल्या पांढऱ्या, लाल आणि काळ्या स्वारांबद्दल विचारते, हातांबद्दल नाही. यागा म्हणते, बरं झालं बाहेरचंच विचारलंस. शेवटी काठीवर एक कवटी देऊन तिला घालवते. बिलिबिननं हाच क्षण घेतलाय: काळी ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग, मागे झोपडी, आणि काठीवरच्या कवटीच्या डोळ्यांतून पडणारा उजेड. तोच उजेड घरी पोचल्यावर सावत्र आई आणि बहिणींना जाळून कोळसा करणार आहे. इथेही शेवट घरातच होतो.

नॉर्वेचा थिओडोर किट्टेल्सन (१८५७–१९१४): त्याचा जंगलातला ट्रोल (तिकडच्या लोककथांतला राक्षस) म्हणजे झाडं उगवलेली टेकडीच, फक्त तिला डोळा आहे. महामारीची म्हातारी पेस्टा हे त्याचं सर्वांत थंडगार काम. ती गावात दाताळं घेऊन आली तर काही जण वाचतात, झाडू घेऊन आली तर कोणीच नाही. स्वीडनचा जॉन बाउअर शेवाळलेल्या धोंड्यांसारखे ट्रोल काढायचा. १९१८ मध्ये बायको-मुलासह वेटर्न सरोवरात बोट बुडून गेला. डेन्मार्कच्या काई निल्सनचं १९२५ चं ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ही जरूर पाहा.

१३. आज कॉमिक्समध्ये असं काम कोणी करतं का?

कॅनडाची एमिली कॅरल. तिची ‘हिज फेस ऑल रेड’ २०१० मध्ये इंटरनेटवर आली. एक माणूस जंगलात भावाला मारून येतो, आणि तीन दिवसांनी तोच भाऊ जंगलातून चालत परत येतो. लोक आनंदात आहेत. खरं काय ते एकालाच माहीत आहे आणि तो बोलू शकत नाही. २०१४ च्या ‘थ्रू द वुड्स’मध्ये ही धरून पाच कथा आहेत, त्याला कॉमिक्ससाठीचा २०१५ चा आयझनर पुरस्कार मिळाला. काळा, लाल आणि पांढरा हे रंग ती ग्रिमइतक्याच काटकसरीनं वापरते.

१४. मुलांना कितव्या वर्षापासून वाचून दाखवावं?

ऐकण्याचं आणि पाहण्याचं वय वेगळं धरा. पाच-सहा वर्षांचं मूल हॅन्सेल-ग्रेटेल निवांत ऐकतं, कारण ते आपल्याला पेलेल एवढंच चित्र मनात उभं करतं. छापील चित्र तशी सवलत देत नाही. म्हणून चित्रांचं पुस्तक आधी स्वतः पाहावं. दोरे आणि किट्टेल्सन दहाच्या पुढे, ‘दरोडेखोर नवरा’ त्याहून उशिरा. बालमानसशास्त्राचा अभ्यासक ब्रूनो बेटलहाइमनं १९७६ मध्ये मांडलं की असल्या गोष्टी मुलांना मनातल्या भीतीशी दोन हात करायला शिकवतात. त्याच्या फ्रॉइडी अर्थांवर पुढे खूप टीका झाली, पण एवढा मुद्दा मला पटतो. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मध्ये लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघ-कोल्हा खायला टपलेलेच असतात की! एकच पथ्य पाळा: अर्ध्यात थांबवू नका. चेटकीण भट्टीत जाईपर्यंत वाचा.

१५. यांतली एखादी गोष्ट मुलांना देऊच नये अशी आहे का?

हो. ‘काट्यांतला ज्यू’ (क्रमांक ११०) ही ज्यूंबद्दलच्या द्वेषानं भरलेली आहे आणि पुढे नाझी काळात असल्या साहित्याचा वापर झाला. मोठ्यांनी इतिहास म्हणून वाचावी. संपूर्ण संग्रह घेतलात तर ती त्यात असेलच, हे माहीत असू द्या. पहिल्या आवृत्तीतल्या वगळलेल्या कथेसाठी प्रश्न ५ पाहा.

१६. मराठीत असं काही आहे का?

लिखाण आहे, आणि दमदार आहे: नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. जंगल म्हणाल तर चकवा आहेच. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर त्याच त्याच झाडाशी परत येतो. चित्रांत मात्र ‘चांदोबा’तला राजा विक्रम आठवतो: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत. चित्रकार शंकर यांचं ते चित्र कित्येक पिढ्यांच्या डोक्यात बसलंय, आणि त्यातही काही घडताना दिसत नाही. राजा फक्त चालतोय. आपल्या लोककथांवर मोठ्यांसाठी अशी सचित्र पुस्तकं मात्र फारच थोडी निघाली, ही खंत आहे.

१७. मला स्वतः लिहायचं-काढायचंय. हॅन्सेल-ग्रेटेल सह्याद्रीत बसवू का?

बसवा, पण चेटकिणीचं साखरेचं घर आणि बर्फ तिथेच ठेवा. उचलायचा तो सांगाडा: घरात ठरलेली गोष्ट, वाट, वाटेची खूण, पुसलेली खूण. आपल्याकडे खूण पुसायला पावाचे तुकडे टिपणारे पक्षी लागत नाहीत, जूनचा पहिला आठवडा पुरतो. उन्हाळ्यातली पायवाट पावसाळ्यात दिसत नाही. देवराईत फांदी तोडायची नाही हा नियम कोकणात आजही लोक पाळतात. नियम आहे म्हणजे तो मोडायला लागलेलं माणूस आलं, आणि त्याला घरून कोणी पाठवलं हा प्रश्न आला. तिथून गोष्ट सुरू करा. चित्र काढताना प्रश्न ११ मधला आधीचा क्षण शोधा.

१८. ही जुनी चित्रं माझ्या पुस्तकात किंवा व्हिडिओत वापरली तर चालतील का?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. त्यामुळे दोरे, किट्टेल्सन, बाउअर, रॅकम आणि बिलिबिन (मृत्यू १९४२) मोकळे आहेत. काई निल्सन १९५७ मध्ये गेला, म्हणजे भारतात २०१८ पासून मोकळा. पण युरोपीय संघात मुदत ७० वर्षांची असल्यानं तिथे २०२७ संपेपर्यंत थांबावं लागेल. जर्मनीत राहून मराठी पुस्तक छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मॉरिस सेंडॅक (‘जुनिपरचं झाड’, १९७३) आणि एमिली कॅरल यांच्या चित्रांना परवानगी लागतेच. मजकुराचं गणित वेगळं: ग्रिमचं जर्मन मोकळं, मार्गारेट हंटचं १८८४ चं इंग्रजी भाषांतरही मोकळं, पण जॅक झाइप्सनं २०१४ मध्ये केलेलं पहिल्या आवृत्तीचं भाषांतर मोकळं नाही. त्यावरून मराठीत आणायचं तर आधी प्रकाशकाला लिहा.